एवढ्याशा खोक्याला एवढंसं मशीन

दादा खोटं बोलतो हे मला लहानपणापासून माहीत आहे. शाळेत जायचं नसलं की त्याच्या पोटात दुखायचं, आणि दुसऱ्याच्या वाडीतले चिकू पिशवीत घेऊन आला की ते वाऱ्याने आपोआप पडलेले असायचे. मी ते सगळं आईला जाऊन सांगायची. त्याच्या लग्नात तर सासरच्या मंडळींसमोरही सांगितलं. आमचं नातंच तसं होतं. त्याची एखादी चूक हाती लागली की मी ती वर्षभर पुरवून वापरायची आणि त्याने दातओठ खात ऐकून घ्यायचं. पण आवाजाच्या बाबतीत तो माझ्याशी खोटं बोलेल असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. तिथे मी त्याचा शब्द प्रमाण मानत होते. हे लिहितानाही माझं डोकं तापतंय.

दादाचा तलासरीत साउंड सर्व्हिसचा धंदा. लग्न, हळद, गणपती, शाळेचं गॅदरिंग, निवडणुकीची रिक्षा, चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा. जिथे माणसं जमतील तिथे त्याचे भोंगे टांगलेले असायचे. माझी नोकरीही तलासरीतच, सरकारी ऑफिसात कारकून म्हणून. राहायला मात्र डहाणूत, कारण नवरा रेल्वेत, सिग्नलच्या कामावर. रोज एसटीने जायचं, एसटीने यायचं, आणि दुपारचा डबा पुष्कळदा दादाच्या दुकानात, केबलच्या भेंडोळ्यांशेजारी स्टूल ओढून खायचा. वहिनी घरून कधी ताक पाठवायची, कधी सुक्या बोंबलाची चटणी. बरे दिवस होते ते.

नोकरी केली, घर केलं, सासूचं आजारपण काढलं. पण तुझं स्वतःचं असं काय, म्हणून कुणी विचारलं असतं तर मी गाणं म्हटलं असतं. आमच्या भागातल्या बायकांचं भजनी मंडळ होतं. पुढे बसून ओळ उचलणारी मी आणि ती झेलणाऱ्या बाकीच्या. देवळात, कुणाच्या घरच्या सत्यनारायणाला, एकदा धाकटी डहाणू गावच्या मंडळाने बोलावलं तेव्हा खाडीकाठच्या मांडवात, असं आम्ही कुठेकुठे गायलो. वरच्या षड्जावर मी जाऊन उभी राहिले की पेटीवाल्या काकू भाता ओढता ओढता हसायच्या. शिक्षण म्हणाल तर शून्य. जुन्या गायिकांची रेकॉर्डिंग लावायची, त्यांच्याबरोबर गायचं आणि आपण कुठे घसरलो ते आपल्याच कानांनी पकडायचं, एवढीच माझी तालीम.

ही तालीम मोबाइलवर चालायची. मग दोन हजार चौदामध्ये आमच्या ऑफिसातल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांनी सामान काढायला सुरुवात केली. त्यात बुकशेल्फ स्पीकरची जोडी होती. पुस्तकांच्या फळीवर मावतील असे ते दोन लाकडी खोके, काळी जाळी, मागे तारा लावायचे पितळी स्क्रू. मी ते बघताक्षणी माझे म्हणून टाकले. साहेब म्हणाले, "मॅडम, दिसतात छोटे, पण हे खातात फार. ॲम्प्लिफायर दमदार घ्या." त्यांचा स्वतःचा ॲम्प्लिफायर ते बरोबर नेणार होते.

ते वाक्य मी दुपारी दादाला जसंच्या तसं सांगितलं. तो इतका हसला की ताक नाकात गेलं.

"साहेबांना काय कळतंय? मी जत्रेत माणसापेक्षा मोठे भोंगे वाजवतो. एवढ्याशा खोक्याला एवढंसं मशीन पुरे. मोठं लावशील तर फाटतील गो बाय."

ॲम्प्लिफायरला तो मशीन म्हणायचा. माझं बजेट बेताचं होतं, ते त्याने विचारूनही घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात मुंबईहून माल आणायला गेला तेव्हा माझ्यासाठी डब्याएवढं, चकचकीत, निळा दिवा असलेलं मशीन घेऊन आला. त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर वॅटचा भलामोठा आकडा छापलेला होता. दादाने तो आकडा मला बोटाने दाखवला, मग रविवारी डहाणूला येऊन स्वतः तारा सोलल्या, लाल तांबड्यात, काळी काळ्यात, आणि बटण दाबलं.

हळू आवाजात फार छान वाजलं. तबल्याचा डग्गासुद्धा कळत होता. नवऱ्याने मान डोलावली, वहिनीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. दादा सोफ्यावर असा बसला होता की जणू गायिका त्यानेच आणून बसवली होती. मी त्याला त्या दिवशी पुरणपोळी वाढली आणि मनात म्हटलं, भाऊ असावा तर असा.

घोळ नंतर सुरू झाला. तालीम करायची तर आवाज वाढवावा लागतो, नाहीतर आपल्याच गळ्यापुढे रेकॉर्डिंग ऐकू येत नाही. मी वाढवला, आणि रेकॉर्डिंगमधली बाई वरच्या षड्जाकडे चढायला लागली की तिचा आवाज आवळल्यासारखा व्हायचा. स्वर सरळ उभा राहायचा नाही. वर पोचेपर्यंत चेपायचा, त्याला कुठेतरी किनार फुटायची, आणि खालचा तानपुरा त्याच क्षणी पातळ व्हायचा. हेच रेकॉर्डिंग मी मोबाइलवर ऐकलेलं होतं. तिथे आवाज किरटा होता, पण स्वर स्वच्छ होता.

मी नवऱ्याला बोलावलं. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "मला तर चांगलं वाटतंय." त्याला टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा चांगल्या वाटतात, त्यामुळे मी दादाला बोलावलं.

दादाने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "स्पीकर दुकानात नेऊन बघतो." नेले, आणि दोन-तीन दिवसांनी परत आणून जागेवर ठेवले. "स्पीकर एकदम ठणठणीत. मशीनही ठणठणीत. सगळं चेक केलं."

"मग तो स्वर का फाटतो?"

"फाटत नाही. तुला तसा ऐकू येतोय." जरा थांबून, माझ्याकडे न बघता, अगदी मायेने म्हणाला, "बाय, चाळिशी आली. डोळ्यांना चष्मा लागतो तसं कानांचंही होतं. एकदा दाखवून घेऊ."

मी त्याच्यावर हसले. रागावलेसुद्धा. त्याच्याच दुकानातलं मोठं मशीन आणून लावून बघ म्हटलं, तर म्हणाला, स्पीकर जळतील, मग मला बोलू नकोस. पण तो साउंडवाला होता. मांडवात कुठल्या कोपऱ्यात आवाज घुमेल हे तो नुसती टाळी वाजवून सांगायचा. त्याने ऐकलं आणि सांगितलं की स्वर फाटत नाही, तर मग फाटत नसणार. असं स्वतःला पटवायला मला काही महिने लागले, पण पटवलं.

कानांच्या डॉक्टरकडे त्यानेच नेलं. वापीला, स्वतःच्या टेम्पोत पुढे बसवून. तिथे बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवतात, ऐकू आला की बोट वर करायचं. मी घाबरून बोटं वर करत होते, न आलेल्या आवाजालासुद्धा. दादा बाहेर बाकावर बसला होता. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, वरच्या पट्टीत किंचित कमी वाटतंय, काळजीचं कारण नाही. मला त्यातलं "ठीक" ऐकू आलं नाही. वरच्या पट्टीत कमी, एवढंच ऐकू आलं. दादाने येताना मला उसाचा रस पाजला आणि म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

त्यानंतर काय झालं ते सांगायला सोपं आहे आणि आठवायला अवघड. गाणारीला स्वतःच्या कानांचा भरवसा राहिला नाही की ती गाऊ शकत नाही, बस. वरच्या षड्जाकडे जाताना मला वाटायचं, मी लावलाय तो खरंच लागलाय का, की मला तसा ऐकू येतोय? तेवढ्या विचारात स्वर निसटायचा. मी काकूंकडे बघायला लागले. त्या बिचाऱ्या मान हलवायच्या, तर मला ती दया वाटायची. मग मी वरच्या जागा टाळायला लागले, चाल खालूनच फिरवायची. मग एका नवरात्रात मीच म्हटलं की पुढे दुसरीला बसवा. आमच्यातली एक होती, माहेर रानशेत गावचं, खणखणीत गळ्याची, ती पुढे बसली. मी मागे टाळ घेऊन. पुढे टाळही ठेवला. ऑफिसातून यायला उशीर होतो, असं कारण सांगितलं.

मंडळ सोडलं हे दादाला जेवताना सांगितलं, तेव्हा त्याने घास खाली ठेवला. "कशाला सोडलंस?" म्हणाला. मी म्हटलं, "कानांनी दगा दिला रे." तो ताटाकडे बघत राहिला. मला वाटलं, भावाला वाईट वाटलं. मीच त्याची समजूत काढली.

ते निळ्या दिव्याचं मशीन फळीवर होतंच. त्यावर नवरा सकाळी हळू आवाजात जुनी गाणी लावायचा. मी त्या वेळी भाजी चिरताना नळ सोडून ठेवायची.

दोन हजार एकोणीसमध्ये भाचीचं, म्हणजे दादाच्या मुलीचं, लग्न ठरलं. मुलगा वापीला कंपनीत. घरात गुजराती आणि मराठी दोन्ही बोलणारी माणसं. मंडळी बोलणीला तलासरीला आली तेव्हा मी सकाळपासून वहिनीच्या हाताखाली होते. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर निघाले, आणि माजघराच्या दारात पडदा पायात आला म्हणून क्षणभर थांबले.

होणारा जावई दादाला विचारत होता की घरासाठी छोटे बुकशेल्फ स्पीकर घेतलेत, त्याला बजेटमध्ये कुठला ॲम्प्लिफायर लावू. दादा खुलला. आवाजाचं कुणी विचारलं की तो खुलतोच.

"छोटे बघून फसू नका. मी फसलोय. आमच्या बायच्या वेळेला. आम्ही भोंगेवाले. भोंग्याला नुसती फुंकर मारली तरी गाव जागा होतो. मला वाटलं, एवढ्याशा खोक्याला एवढंसं मशीन पुरे. पण हे छोटे बंद खोके आळशी असतात, त्यांना ढकलायला जोर लागतो. मशीन दमलं की वरचा स्वर चेपतो, फाटतो. मी नंतर ते दुकानात आणून माझ्या चांगल्या मशीनला लावले. काय सांगू तुम्हाला, बाई समोर बसून गातेय!"

"मग बदलून दिलं?" जावयाने विचारलं.

दादा हसला. "कुठलं! माझी बहीण म्हणजे, तिला माझी चूक कळली असती तर तिने तलासरीपासून डहाणूपर्यंत प्रत्येक स्टॉपवर उतरून सांगितली असती. मी म्हटलं, तुझे कान गेलेत."

सगळे हसले. भाचीही हसली. "आत्याचे कान!" ती म्हणाली, आणि ते अशा ओळखीच्या सुरात म्हणाली की मला कळलं, ही गोष्ट या घरात पहिल्यांदा सांगितली जात नाहीये. ही इथली नेहमीची, जेवणानंतरची गोष्ट आहे. जत्रेत त्याच्या हाताखालच्या माणसांनी ती ऐकली असेल, वहिनीच्या माहेरी ऐकली असेल. फक्त मला ऐकवली नव्हती.

मी पडदा सोडवला आणि बाहेर जाऊन चहा दिला. दुसरं काय करणार? पोरीचं लग्न ठरत होतं. विहीणबाईंनी चहाचं कौतुक केलं, "सरस चा छे." दादाने माझ्या हातून कप घेतला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याचं हसू जागच्या जागी वाळलं. तिथे मी पहिल्यांदा आयुष्यात त्याची चूक हातात असून तोंड मिटून बसले. माझ्या गालांतून वाफा निघत होत्या. विहीणबाईंना वाटलं, स्वयंपाकघरात उकडत असेल.

आत आल्यावर वहिनीला विचारलं. ती पापड तळत होती. "अगं, तुला माहीत नाही?" तिचा झारा हवेतच राहिला. "मला वाटलं त्यांनी तुला केव्हाच सांगितलं असेल. आम्ही तर तुझ्यासमोर बोलायचो नाही, तू चिडशील म्हणून."

मंडळी गेल्यावर मी दादाला दुकानामागच्या गोडाऊनमध्ये गाठलं. भोंगे एकात एक घालून ठेवले होते, त्यांच्या आड तो काहीतरी शोधल्यासारखं करत होता.

"वापीला बाकावर बसला होतास," मी म्हटलं. "तेव्हा तुला माहीत होतं?"

तो केबलचं एक भेंडोळं उचलून दुसरीकडे ठेवायला लागला.

"दादा, मी आत बोटं वर करत होते. तू बाहेर बसला होतास. माहीत होतं?"

"होतं."

"आणि मंडळ सोडलं म्हणून सांगितलं तेव्हा?"

"तेव्हा फार उशीर झाला होता गो. तेव्हा सांगून तुला काय तोंड दाखवणार होतो?" मग त्याचाही आवाज चढला. "तू सोडणार होतीस का मला? चिकूचं अजून सांगतेस! मी साउंडवाला आहे. लोक माझ्या शब्दावर मांडव घालतात. घरच्या घरात चुकलो म्हणून तू बोंब मारली असतीस तर मी कुठे जाणार होतो?"

"म्हणून माझे कान घेतलेस."

"डॉक्टरनेही सांगितलंच ना, थोडं कमी आहे म्हणून."

तो हे बोलला त्या क्षणी मला समजलं की त्याने ते स्वतःलाही पटवलेलं आहे. मी चिडवते म्हणून त्याने मला बहिरी ठरवलं, आणि मी ते मानलं, कारण त्याच्याइतका विश्वास मी माझ्यावरही टाकला नव्हता. परक्याने फसवलं असतं तर मी पोलीस स्टेशनपर्यंत ओरडत गेले असते. याला काय करायचं? मी तिथे रडले. त्याने खांद्यावर हात ठेवायला बघितला, तो मी झटकला आणि एसटी पकडली.

पुढच्या रविवारी तो न बोलावता डहाणूला आला. टेम्पोतून मोठं, जड मशीन छातीशी धरून जिना चढला. नवऱ्याने दार उघडलं आणि काही तरी शिजतंय हे ओळखून लगेच बाजारात निघून गेला. दादाने एक अक्षर न बोलता जुनं मशीन काढलं, नवं लावलं, तारा घट्ट केल्या आणि बाजूला उभा राहिला. मी तेच रेकॉर्डिंग लावलं. आवाज वाढवला, होता त्याच्याही वर वाढवला.

ती बाई चढली आणि वरच्या षड्जावर जाऊन सरळ उभी राहिली. कुठे चेपली नाही, कुठे किनार नाही. खाली तानपुरा भरून वाहत होता. स्पीकर तेच, फळी तीच, भिंत तीच. आणि माझे कान तेच. मी म्हणत होते ते पहिल्या दिवसापासून खरं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या पाठोपाठ असा संताप आला की ते मशीन उचलून गॅलरीतून खाली टाकावंसं वाटलं. मधली सगळी नवरात्रं गेली, सगळी भजनं गेली, देवळातली ती माझी पुढची जागा गेली. आणि ज्याने घालवली तो तिथे हात पुसत उभा होता.

"गा ना," दादा म्हणाला. "तिच्याबरोबर गा. किती वर्षांत ऐकलं नाही."

गायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण ती बाई पुन्हा चढायला लागली आणि मला राहवलं नाही. मी आवाज सोडला. मध्यापर्यंत बरा आला. पंचमाला जरा गंजल्यासारखा वाटला, तरी रेटला. वर जाताना गळ्यात काहीतरी अडलं, मी ढकललं, आणि स्वर षड्जाच्या खालीच राहिला, थरथरला आणि फाटला. इतक्या वर्षांत तालीम नाही, दुसरं काय होणार? स्पीकरमधली बाई वर स्वच्छ उभी होती, आणि तिच्याखाली मी किती उतरले होते ते मला अगदी लख्ख ऐकू आलं.

मी रेकॉर्डिंग बंद केलं. दादाचे डोळे भरले होते.

"लागला की गो बाय," तो म्हणाला. "अगदी बरोबर लागला."